माझ्या नावाचा पुकारा

"शी डझ द टायपिंग, जज."

ही टायपिंग करते. जजने विचारलं होतं, "तुमच्या मागे बसलेल्या ह्या बाई कोण?" आणि ईमरने हे उत्तर दिलं. ईमर म्हणजे आयर्लंडमधल्या नास गावातली सॉलिसिटर, मी जिच्या ऑफिसात नोकरी करत होते ती. वाईट बाई नव्हे. वाढदिवसाला केक आणणारी, पाऊस असला की स्टेशनपर्यंत गाडीने सोडणारी. तिनेच हे म्हटलं.

मी तिच्या मागच्या बाकावर बसले होते. तोंडावर मास्क, मांडीवर फाइल आणि पर्समध्ये माझी सनद. सनद म्हणजे वकिलीचा परवाना. नागपूरच्या कोर्टात त्या सनदेवर मी आठ वर्षं उभी राहिले. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा. माझ्या उलटतपासणीला भलेभले घाम पुसायचे. ती सनद मी त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती, कुणी मागितली तर असावी म्हणून. कुणी मागितली नाही. टायपिंग करणारीकडे सनद कोण मागतो?

समोर भिंतीवर मोठा पडदा होता. २०२१ सालचा वसंत, अर्धं कोर्ट पडद्यावरच चालायचं. खोलीत एक सोडून एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या. पडद्यावर पुण्याचे एक नामांकित वकील. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता, ते त्यांच्या चेंबरमध्ये एकटे होते. त्यामुळे ते हसले ते सगळ्यांना दिसलं. का हसले ते फक्त चौघांना कळलं. ते स्वतः, मी, आमची पक्षकार अश्विनी आणि तिचा नवरा. आम्ही चौघं मराठी होतो.

आधी हे सांगून टाकते. कुटुंबातली भांडणं ह्या देशात बंद दाराआड चालतात आणि माणसं ओळखू येतील असं काही बाहेर सांगायचं नाही, असा कायदा आहे. मी तो पाळते. अश्विनी हे तिचं खरं नाव नाही, ईमर हे ईमरचंही नाही. माझं नाव इथे लिहीत नाही ते त्याच कायद्यामुळे. लाजेने नव्हे.

अश्विनी मला ओंगारला, आम्ही राहतो त्या भागात, शाळेच्या दाराशी भेटली. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच शाळेत. नवरा आयटीतला, मोठ्या पगाराचा, दोघंही पुण्याचे, वरच्या जातीचे. मी नागपूरकडची, आमच्या घरातल्या भिंतीवर निळ्या कोटातले ते आहेत, एवढं सांगितलं म्हणजे मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तिच्याकडे गणपतीला गेले तेव्हा मी ताटं उचलून स्वयंपाकघराकडे निघाले, तर ती लगबगीने आडवी आली. "ताई, राहू दे हं, आत सोवळ्याचं चाललंय." बाकीच्या दोघी आतच होत्या, प्रेसमधून डबे काढत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी बाहेर सोफ्यावर बसून मोदक खाल्ला. गोड होता.

तरीही ती रडत आली तेव्हा मी दार उघडलं. नवरा म्हणत होता, आपला घटस्फोट झालाय, मुलगी माझी, मी तिला घेऊन पुण्याला चाललो, तू तुझं बघ. सुट्टीत पुण्याला गेली असताना त्याने तिच्याकडून संमतीच्या अर्जावर सही घेतली होती. तिला वाटलं, संपलं सगळं.

मी म्हटलं, "अश्विनी, एका सहीने घटस्फोट होत नाही. आपल्याकडे संमतीच्या घटस्फोटाला दोनदा कोर्टापुढे यावं लागतं. दुसऱ्यांदा तू गेलीस का?"

"नाही."

"मग तू अजून बायको आहेस. आणि दुसऱ्यांदा जायच्या आधी संमती मागेही घेता येते. मुलीच्या ताब्याचा निकालही झालेला नाही."

ती माझा हात धरून किती वेळ रडली. मी तिला ईमरकडे नेलं. ईमर इथल्या कायद्यात पक्की, पण आपल्या कायद्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला ते मी शिकवलं. रोज संध्याकाळी, ऑफिस रिकामं झाल्यावर. एका चार वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून विमानात बसवायचं की नाही, हे त्या एका मुद्द्यावर अडलं होतं.

आणि मग नवऱ्याकडच्यांनी पुण्याचे वकीलसाहेब आणले.

परक्या वकिलाला दुसऱ्याच्या कोर्टात बोलायला कसं मिळतं, ते मला नागपुरातच माहीत झालं होतं. बाहेरगावचा वकील आला की तिथला वकील त्याला सोबत घेऊन कोर्टापुढे जातो. हे अमुक, हे तमुक, मोठं नाव आहे, आजच्या पुरतं ह्यांना ऐकावं. कोर्ट मान डोलावतं. आयर्लंडमध्येही मूळ गोष्ट तीच. परक्या वकिलाला इथे हक्काने बोलता येत नाही. पण जजची मर्जी झाली तर एका प्रकरणापुरतं, एका मुद्द्यापुरतं ऐकून घेतात. अट एकच. आतल्या कुणीतरी उभं राहून सांगायचं की हा माणूस आमच्यातला आहे. त्या नव्या वर्षापासून युरोपातून बाहेर पडलेल्या इंग्लंडचे वकीलही इथे परके झाले होते. ऑफिसात सगळे त्यावर पोट धरून हसले. मीही हसले. मी आधीपासूनच परकी होते, मला हसायला काय जातंय.

नवऱ्याकडचा इथला वकील उभा राहिला. पुण्याच्या साहेबांची कीर्ती त्याने अशी सांगितली की लग्नातल्या मामाने नवरदेवाची सांगावी. जज म्हणाला, "यू आर वेलकम, सर. तिकडे आता जेवायची वेळ झाली असेल. तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही." झालं. परवानगी मिळाली. सनद त्यांच्याकडेही कुणी मागितली नाही. मागायची गरज पडली नाही.

मग ईमर उठली. आम्ही ठरवलं होतं की ती सांगेल, माझ्याकडे भारतातल्या अनुभवी वकील आहेत, एवढ्या मुद्द्यावर त्यांचंही ऐकावं. तिने माझं नाव घेतलं, आडनाव घेतलं, दोन्ही चुकवली. पुढचं वाक्य तिच्या तोंडातून यायच्या आत जजने विचारलं, ह्या बाई कोण, तुमच्या ऑफिसातल्या का? आणि ईमर गडबडली. खरं बोलून मोकळी झाली. मी टायपिंग करत होते हे खोटं थोडंच होतं?

जज म्हणाला, "मग नको. बसू दे त्यांना."

आता पडद्यावरचं सांगते. जज यायच्या आधी कारकुनाने आवाज तपासायला ती जोडणी सुरू केली होती. साहेबांनी मला पाहिलं, नमस्कार केला. "अरे वा, मराठी का? कुठल्या आपण?"

"नागपूरकडची."

"आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. मास्कमुळे माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, त्यांचा मला पुरता दिसत होता. तो "अच्छा" मी शाळेत ऐकलाय, वसतिगृहात ऐकलाय, नागपुरात घर भाड्याने घेताना ऐकलाय. सात समुद्र ओलांडले तरी तो आधीच येऊन बसलेला असतो. पुढे त्यांनी मला "आपण" म्हटलं नाही.

जज मला बसवत होता तेव्हा ते कॅमेऱ्याकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, सावकाश, अगदी घरातल्यासारखं:

"टायपिंग काय वाईट आहे? आपली पायरी ओळखून राहावं. सवलतीचा माल इथे चालत नाही."

जजने मान वर केली. "व्हॉट वॉज दॅट?"

साहेब गोड हसले. म्हणाले, काही नाही, आमच्या भाषेत ह्यांची विचारपूस केली.

त्यांना वाटलं, मराठी म्हणजे आपली माजघराची भाषा. तिच्यात काही बोललं तरी घरातच राहतं. कारण घरात बोलणारे ते आणि ऐकून गप्प बसणारे आम्ही, अशीच आजवरची वहिवाट. कोर्ट आयर्लंडचं, जज आयरिश, कुणाला काय कळतंय?

मला कळत होतं.

मी उभी राहिले. परवानगी नव्हती, तरी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "जज, ती विचारपूस नव्हती. ते काय म्हणाले ते मी सांगते." आणि सांगितलं. शब्दाला शब्द. पायरी म्हणजे काय ते सांगितलं, की माझ्या जातीची माणसं देवळाच्या ज्या पायरीच्या पुढे जायची नाहीत ती. सवलत म्हणजे काय ते सांगितलं, आणि माल म्हणजे काय तेही. माल म्हणजे मी.

कारकुनाने टाइप करायचं थांबवलं.

"तुम्हाला ह्या कोर्टात बोलायचा अधिकार नाही," जज म्हणाला.

"मी वकील म्हणून बोलत नाहीये, जज. तुमच्या कोर्टात तुमच्यासमोर जे बोललं गेलं त्याचा अर्थ सांगतेय."

साहेबांनी हात हलवला. गैरसमज झाला म्हणाले. ती आमच्याकडची म्हण आहे, बाई भावनेच्या भरात आहेत.

जजने अश्विनीकडे पाहिलं. तो काही अगदीच वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं असेल, आणखी कुणाला तरी विचारावं. म्हणाला, "तुम्हालाही ही भाषा येते. ह्या बाई सांगतायत तसं ते म्हणाले का?"

अश्विनी माझ्या उजव्या हाताला बसली होती. एक फुली मारलेली खुर्ची सोडून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं, मग हाताच्या नखांकडे.

"आय डिडन्ट हिअर प्रॉपर्ली, जज."

मला नीट ऐकू आलं नाही.

पडद्याचा आवाज एवढा मोठा होता की बाहेरच्या कॉरिडॉरमधला गार्ड आत डोकावला होता.

"तर मग," जज म्हणाला, "तुमच्या-तुमच्यातल्या गोष्टीत मी पडणार नाही." बिट्वीन युवरसेल्व्ज. तुमच्या-तुमच्यातलं. गावात सरपंच हेच म्हणायचा, पोलीस पाटील हेच म्हणायचा. मला वाटायचं हे वाक्य फक्त मराठीत आहे. मी बसले. प्रकरण दोन आठवडे पुढे गेलं.

बाहेर पार्किंगमध्ये अश्विनी मागून धावत आली. मास्क हनुवटीवर आलेला, डोळे लाल. "ताई, रागावू नका ना. खरंच."

"ऐकू आलं नाही तुला?"

ती मास्क वर ओढू लागली.

"अश्विनी, ऐकू आलं की नाही?"

"ते बाबांच्या ओळखीतले आहेत, ताई. उद्या मला पुण्याला जायचं झालं तर त्या लोकांतच राहायचंय. तुमचं काय..." इथे ती अडली. वाक्य पुरं केलं नाही तिने. मीच मनात केलं. तुमचं काय, तुम्हाला सवय आहे.

मला त्या साहेबांचा राग आला होता, पण तो ओळखीचा राग होता. हिने दिलेली जखम नवी होती. त्यांनी मला खालची म्हटलं. हिने मला रात्री-अपरात्री फोन केले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, माझ्या डोक्यातला कायदा घेतला. आणि माझ्या बाजूने एक "हो" तिच्याने म्हणवला नाही. एक शब्द. त्याला पैसे पडत नाहीत.

घरी आले. माझा नवरा कारखान्यातून आला, चिप बनवतात तिथे तो इंजिनिअर आहे. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोड त्या बाईला. तिची केस, तिचं नशीब." तो मनापासून म्हणत होता. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या पोरींसारखी. म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू टेल हिम टू फेक ऑफ, मॅम?" चालता हो असं का नाही सांगितलंस त्याला, आई? मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. तिला काय सांगणार? की बेटा, आमच्या पिढीला आधी परवानगी मागायची खोड आहे?

बाबांची आठवण आली. माझे बाबा आमच्या तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला, आणि आवाज असा की बाजारापर्यंत जायचा. दारात उभं राहून ते पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. अमका अमका हाजिर हो. पाटील असो, देशमुख असो, बाबांनी नाव पुकारल्याशिवाय कुणाला आत जाता यायचं नाही. आणि पुकारा संपला की आतून हाक यायची, ए, पाणी आण. बाबांना नाव होतं, पण त्या इमारतीत ते कुणाला माहीत नव्हतं. मला सनद मिळाली त्या दिवशी ते म्हणाले, "पोरी, मी साऱ्या तालुक्याच्या नावानं वरडलो. माह्या नावाचा पुकारा कोनंच नाही केला. तू करजो."

मी काय केलं? आठ वर्षं नागपुरात केला. आणि इथे येऊन मागच्या बाकावर बसले आणि वाट पाहिली, ईमर कधी उठते आणि माझी ओळख चांगल्या शब्दांत कधी करून देते. दुसऱ्याच्या तोंडून आपलं नाव यायची वाट. ते आलं आणि ते असं आलं.

दुसऱ्या दिवशी ईमरच्या समोर जाऊन बसले. ती आधीच अपराधी होती, चहा पुढे केला. म्हणाली, "मला तुला आत घ्यायचं होतं, खरंच. वकील म्हटलं असतं तर त्याने कागद मागितले असते."

"कागद माझ्या पर्समध्ये होते."

तिने स्वतःचा कप बशीत उगाच फिरवला.

मी तिला सांगितलं, मुद्दा मी लिहून देते. सगळा. त्या पोरीचा काही गुन्हा नाही, तिच्या आईच्या भित्रेपणाची शिक्षा तिला होऊ देणार नाही. तो मुद्दा तुझ्या तोंडून मांड, कायदा ते तुलाच करू देतो. पण ह्यापुढे मी कोण हे तू कुणाला सांगायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. ते मी सांगेन.

"जज चिडेल."

"चिडू दे."

तारखेला आम्ही पुन्हा गेलो. तीच खोली, त्याच फुल्या, पडद्यावर तेच साहेब. अश्विनीने माझ्यासाठी चहा आणला होता. मी घेतला नाही. तिने तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि तो तिथेच गार झाला.

जज आला. फाइल उघडली. ईमर उठण्याच्या आधी मी उठले. मास्क काढता येत नव्हता, म्हणून आवाज चढवला. बाबांचा आवाज माझ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं. मग आडनाव, सावकाश, एकेक अक्षर, म्हणजे पुन्हा कुणी चुकवू नये, आणि पडद्यावरच्या माणसाने पुन्हा एकदा नीट ऐकावं. मग म्हणाले, "मी महाराष्ट्रातली वकील आहे. ह्या कोर्टात मला बोलायची परवानगी नाही, ते मला माहीत आहे. मी ती मागत नाही. मी इथे बसते आहे, एवढंच नोंदीत असू द्या." आणि बसले.

जज रागावला नाही, हसलाही नाही. "नोटेड," म्हणाला आणि पुढे गेला.

ईमरने माझं लिहिलेलं वाचलं. एकही शब्द न बदलता. जजने साहेबांना विचारलं, मुलीची आई दुसऱ्यांदा तुमच्या कोर्टापुढे आली होती का? साहेबांनी तीन-चार वाक्यं फिरवली. जजने तोच प्रश्न पुन्हा केला. शेवटी म्हणाले, नाही. जजने सांगितलं, मुलगी देशाबाहेर जाणार नाही, पासपोर्ट कोर्टात जमा करा. मग ईमरला म्हणाला, "व्हेरी हेल्पफुल, थँक यू." आणि साहेबांचेही आभार मानले, इतक्या दुरून वेळ काढल्याबद्दल. साहेब मान लववून पडद्यावरून गेले. त्यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. पुण्यात ते आजही मोठे वकील आहेत, व्याख्यानं देतात.

बाहेर थांबलेल्या मुलीला कवटाळून अश्विनी रडली. मग माझ्याकडे आली, वाकली, माझ्या पाया पडायला. मी पाय मागे घेतले.

"पाया पडू नकोस," मी म्हटलं. "त्या दिवशी उभं राहायचं होतंस."

तिच्याशी त्यानंतर बोलले नाही. शाळेच्या दाराशी ती दिसते, मान खाली घालते. माझी मुलगी तिच्या मुलीबरोबर खेळते, त्यांना मी अडवत नाही.

मी इथल्या परीक्षेची पुस्तकं आणली आहेत. चाळिशीला आलेय, डोळ्याला चष्मा लागलाय, किती वर्षं लागतील माहीत नाही. लागोत. पण परीक्षा होईपर्यंत मागच्या बाकावर मुकी बसणार नाही हे ठरलंय. ईमर कोर्टात नेते तेव्हा जजने विचारण्याच्या आधी मी उठते. काही जज वैतागतात. एकाने बाहेर काढायची धमकी दिली. काढा म्हटलं, पण नाव ऐकून काढा.

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचा पुकारा केला. माझ्या नावाचा पुकारा मी करते. उभी राहून. आडनावासकट.